कॅटापल्ट आला कधी, गेला कधी: भारतीय नौदलाच्या डेकवरील विमानांची पार्श्वभूमी

२८ एप्रिल २०२५ रोजी भारताने फ्रान्सशी नौदलासाठीच्या २६ राफेल-एम लढाऊ विमानांचा करार केला. त्यातली २२ एक आसनी. उरलेली चार दोन आसनी, प्रशिक्षणासाठीची, आणि ती जहाजावर उतरणारच नाहीत. चर्चा रंगली ती सुमारे ६३,००० कोटींच्या आकड्याची. तांत्रिक पेच मात्र वेगळाच होता. फ्रान्सच्या ‘शार्ल द गोल’ या विमानवाहू नौकेवरून हे विमान वाफेच्या कॅटापल्टने, म्हणजे डेकवरून विमान भिरकावणाऱ्या यंत्राने, फेकले जाते. आपल्या ‘विक्रमादित्य’वर आणि नव्या ‘विक्रांत’वर कॅटापल्ट नाही. तिथे डेकच्या टोकाला वर वळलेला उतार आहे, त्याला स्की-जंप म्हणतात. गंमत अशी की आपल्या नौदलाच्या डेकवरील उड्डाणांचा श्रीगणेशा कॅटापल्टनेच झाला होता.

पहिली विक्रांत म्हणजे दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलेली ब्रिटिश ‘हर्क्युलिस’. युद्ध संपले आणि काम अर्धवट राहिले. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेतली, बेलफास्टमध्ये पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती नौदलात दाखल झाली. थांबण्याचा हा काळ पथ्यावरच पडला. मधल्या दहा वर्षांत ब्रिटिशांनी तीन गोष्टी शोधल्या होत्या: तिरका डेक, उतरताना वैमानिकाला योग्य कोन दाखवणारा आरसा आणि वाफेचा कॅटापल्ट. तिन्ही विक्रांतला मिळाल्या. विमाने दोन प्रकारची: लढाऊ ‘सी हॉक’ जेट आणि पाणबुड्या हुडकणारे, तिघांना घेऊन उडणारे फ्रेंच ‘अलिझे’.

या कॅटापल्टची रचना अशी: डेकखाली दोन समांतर सिलिंडर, त्यांत पिस्टन, आणि पिस्टनला जोडलेली शटल डेकच्या फटीतून वर आलेली. शटलमध्ये तारेचा फास अडकवून तो विमानाच्या पोटाखालच्या हुकांना लावायचा. मागच्या बाजूने विमान जखडून ठेवायचे, आणि त्या साखळीत ठरावीक ताणाला तुटणारी एक कडी. वैमानिक इंजिन पूर्ण जोरात चालवतो, हात वर करून तयार असल्याची खूण करतो, वाफ सुटते, कडी तुटते आणि विमान दोन-तीन सेकंदांत डेकबाहेर. वाफेचा दाब प्रत्येक विमानाच्या वजनानुसार ठरवावा लागतो. कमी पडला तर विमान समुद्रात, जास्त झाला तर सांगाड्यावर ताण.

ही वाफ येते जहाजाच्याच बॉयलरमधून. त्यामुळे बॉयलर दुखावला की दोन्हीकडून मार बसतो: जहाजाचा वेग घटतो, म्हणजे डेकवरून वाहणारा वारा घटतो, आणि तेवढी भर कॅटापल्टने घालायची म्हटली तर वाफही तुटपुंजी. १९७१ च्या भारत-पाक युद्धात विक्रांतची नेमकी हीच गत होती. चारपैकी एका बॉयलरला तडे गेलेले. तरीही ४ डिसेंबरला तिच्या सी हॉकनी पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारचा विमानतळ झोडपला आणि पुढचे दिवस चितगाव व खुलना परिसर. शत्रूचे विमानदळ त्या बाजूला जवळपास उरलेच नव्हते, हेही सांगायला हवे.

सत्तरच्या दशकात सी हॉक म्हातारे झाले. पर्याय शोधताना नजर पुन्हा ब्रिटनकडे गेली. तिथे मोठ्या विमानवाहू नौका मोडीत निघत होत्या आणि त्यांची जागा थोडक्या धावेत उडणारी आणि उभी उतरणारी ‘सी हॅरियर’ जेट घेत होती. स्की-जंपची कल्पना ब्रिटिश नौदलाच्या डग टेलर या अधिकाऱ्याची. सपाट डेकवरून सुटलेले विमान पुरेसा वेग नसेल तर लगेच खाली बसते. तेच वर वळलेल्या टोकावरून सुटले तर आधी काही क्षण वर जाते, आणि त्या काही सेकंदांत इंजिन उरलेला वेग मिळवून देते. यंत्र नाही, वाफ नाही, बिघडायला काही नाही. स्वस्त आणि मस्त.

डिसेंबर १९८३ मध्ये पहिले सी हॅरियर गोव्यात दाबोळीला उतरले. १९८७ मध्ये फॉकलंड युद्धातली ‘हर्मिस’ ही ‘विराट’ होऊन आली. तिचा कॅटापल्ट ब्रिटिशांनी आधीच काढला होता आणि १२ अंशांचा उतार बसवला होता. जुन्या विक्रांतचाही कॅटापल्ट काढून ९.७५ अंशांचा उतार लावला गेला.

इथेच खरी किंमत मोजली गेली, असे माझे मत. अलिझे डेकवरून कायमची उतरली आणि तिच्याबरोबर पंखांचे, लांब उडणारे रडार-विमानही. पुढे आलेले कामोव्ह-३१ हेलिकॉप्टर पोटाखाली अँटेना उलगडून फिरवते आणि काम चांगले करते. पण अमेरिकन ई-२ हॉकआय या रडार-विमानाइतकी उंची आणि तितका वेळ त्याला जमत नाही.

हॅरियरलाही आपल्या हवेने छळले. उभे उतरताना सगळे वजन इंजिनाच्या झोतावर तोललेले असते आणि उष्ण हवेत तो झोत कमी पडतो. उपाय म्हणून इंजिनात क्षाररहित पाणी सोडत. टाकी सुमारे २२७ लिटरची, आणि पाणी पुरे साधारण दीड मिनिट. तेवढ्यात उतरायचे. न वापरलेली जड शस्त्रे परत आणायची सोय नसली तर ती समुद्रात टाकायची.

१६ नोव्हेंबर २०१३ रोजी दाखल झालेल्या विक्रमादित्यने मधला मार्ग धरला: उड्डाण स्की-जंपवरून, उतरणे मात्र तारांवर. विमानाच्या शेपटीखालचा हुक डेकवर आडव्या ताणलेल्या तीन तारांपैकी एक पकडतो. चाके टेकताच वैमानिक इंजिनाचा जोर कमी नव्हे, पूर्ण वाढवतो, कारण हुक चुकला तर लगेच पुन्हा उडता यायला हवे. वजनाची अडचण उरतेच. भरपूर इंधन घेतले तर शस्त्रे कमी, शस्त्रे घेतली तर पल्ला कमी.

त्यात तिच्यावरचे रशियन मिग-२९के हे विमानच रडतखडत चालले. २०१६ च्या कॅगच्या अहवालानुसार मिग-२९के उड्डाणासाठी उपलब्ध असण्याचे प्रमाण सुमारे १६ ते ३८ टक्के होते, आणि २०१० पासून ४० इंजिने दोषांमुळे काढून ठेवावी लागली होती.

स्वदेशी पर्याय म्हणून नौदलीय तेजस होते. दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर, गोव्याला जाणारे प्रवासी जिथे उतरतात त्याच आवारात, जमिनीवर १४ अंशांचा उतार आणि अडवणाऱ्या तारा उभारल्या आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये तेजसने तिथे तार पकडली. ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकरांनी ते विक्रमादित्यवर उतरवले. पण हे एका इंजिनाचे विमान डेकसाठी जड पडते, हे नौदलाने २०१६ मध्येच सांगितले होते.

मग राफेल-एम जानेवारी २०२२ मध्ये याच दाबोळीच्या उतारावर आणून तपासले गेले. काही महिन्यांनी अमेरिकेचे एफ-१८ सुपर हॉर्नेटही आले. कॅटापल्टसाठी घडवलेली दोन्ही विमाने उतारावरून उडाली. सुपर हॉर्नेटचे पंख दुमडतात, राफेलचे दुमडत नाहीत. टोकापासून टोकापर्यंत ते १०.९ मीटर भरतात. घडी घातलेला मिग-२९के ७.८ मीटरचा, आणि नव्या विक्रांतवर विमाने डेकवर चढवणाऱ्या लिफ्टचे माप घेतले गेले ते मिग डोळ्यांसमोर ठेवून.