पार्श्वभूमी : वॉर्डातला नातेवाईक आणि त्याचा प्रश्न

मुंबईतल्या कोणत्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात सकाळी गेल्यास केसपेपर हातात घेऊन एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर धावणारा नातेवाईक हमखास दिसतो. रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत पोहोचवणे, चिठ्ठीवरचे औषध बाहेरून आणणे, सलाइन संपत आले की सिस्टरांना हाक मारणे ही कामे त्याच्याकडे कोणी सोपवलेली नसतात, पण ती त्याच्यावाचून होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या रुग्ण सुरक्षा दिनासाठी रुग्णांचा सहभाग हा विषय निवडला. राबण्याच्या अर्थाने पाहिले तर या शहरातला नातेवाईक पिढ्यानपिढ्या सहभागीच आहे. त्याला उशिरा मिळाला तो प्रश्न विचारण्याचा अधिकार.

आरंभी तर रुग्णालय आणि रहिवासी यांच्यात विश्वासच नव्हता. सर ज. जी. (जे. जे.) रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले, तरी पुढे पन्नास वर्षांनी, १८९६ मध्ये प्लेगची साथ आली तेव्हा रुग्णालय म्हणजे परत न येण्याची जागा, अशीच अनेकांची समजूत होती. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडवरील रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर, हल्ला केला. आपल्या माणसाला जबरदस्तीने उचलून नेतात आणि आत काय करतात ते कळत नाही, ही त्यामागची भीती होती. पुढे निरनिराळ्या समाजांनी स्वतःची प्लेग रुग्णालये उघडली आणि तिथे जायला लोक तुलनेने राजी झाले. या घटनेकडे केवळ अडाणीपणा म्हणून पाहणे मला पटत नाही. आत काय चालले आहे हे कळावे, ही मागणी तिच्या मुळाशी होतीच.

एकविसाव्या शतकात ज्याला रुग्णसुरक्षा म्हणतात, तो विषय मुंबईत सर्वांत कठोरपणे पुढे आला तो १९८६ च्या सुरुवातीला. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब कमी करण्यासाठी दिले जाणारे ग्लिसरीन घेतल्यानंतर ज. जी. रुग्णालयातील १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यांत वापरले जाणारे विषारी द्रव्य होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधाची खरेदी, तपासणी आणि परवाने या साऱ्या साखळीतली पोकळी उघडी केली. इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी : त्या १४ जणांपैकी कोणीही कितीही सावध असता, तरी चमच्यातले विष त्याला ओळखता आले नसते. रुग्णाच्या जागरूकतेची मर्यादा इथेच आहे आणि ती न सांगता रुग्णांना सल्ले देणे म्हणजे संस्थेची जबाबदारी त्यांच्या गळ्यात बांधणे होय.

पुढील वीसेक वर्षांत कायद्याने काही दारे उघडली. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये दिला. मात्र जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ती रुग्णालये त्यातून वगळली गेली, म्हणजे केसपेपर घेऊन धावणारा बहुधा बाहेरच राहिला. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रुग्ण वा नातेवाईक मागतील तेव्हा कागदपत्रे नाकारण्यासाठी गोपनीयतेचे कारण चालणार नाही, असे ठरवले. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने अशी मागणी झाल्यास नोंदी ७२ तासांत देण्याचे बंधन घातले. कागद हातात असणे ही किरकोळ बाब नाही : आधी कोणते औषध चालू होते, कशाची ॲलर्जी आहे, मागच्या वेळी भूल देताना काय झाले, हे पुढच्या डॉक्टरांना त्यावरूनच कळते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीबाबतही ठाम भूमिका घेतली. तपासणीसाठी दिलेली सही ही शस्त्रक्रियेची संमती ठरत नाही, हे तेव्हापासून निर्विवाद आहे, जरी ‘इथे सही करा’ एवढेच सांगून कागद पुढे सरकवण्याची सवय अजून गेलेली नाही.

याच सुमारास जगभर चक्रे फिरली होती. उपचारांतील चुकांमुळे अमेरिकेतील रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० माणसे मरतात, असा अंदाज तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ मध्ये मांडला, आणि २००२ मध्ये रुग्णांनी बोलावे, विचारावे, यासाठी तिथे मोहीम सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेची तपासणी यादी काढली. तिची चाचणी झालेल्या आठ शहरांत दिल्लीही होती, आणि या आठही शहरांत मिळून शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. यादीतला पहिलाच मुद्दा रुग्णाशी निगडित आहे : भूल देण्यापूर्वी आपले नाव, शरीरावरची शस्त्रक्रियेची जागा, शस्त्रक्रिया कोणती आणि संमती, हे त्याने स्वतः सांगितले आहे का? ‘तुम्ही पाटील ना?’ असे विचारले की गुंगीतला किंवा घाबरलेला माणूस ‘हो’ म्हणतो, आणि आपल्या वॉर्डांत पाटील काही एकच नसतात. शिवाय वॉर्डात माणसाचे नाव मागे पडून तो ‘चौदा नंबर’ होऊन जातो. म्हणून ‘तुमचे पूर्ण नाव सांगा’ असे विचारण्याची शिस्त आली. रक्ताची पिशवी लावण्यापूर्वी तर तिच्यावाचून चालतच नाही.

राबणाऱ्या नातेवाइकाला माहिती न देण्याची किंमत जानेवारी २०१८ मध्ये नायर रुग्णालयात दिसली. एका रुग्णाबरोबर आलेला तरुण ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, यंत्राच्या चुंबकाने त्याला सिलिंडरसह ओढून घेतले आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. धातूची वस्तू त्या खोलीत न्यायची नाही, हा नियम कर्मचाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग असतो. ते काम मात्र नातेवाइकाच्या हातून झाले.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती करून खासगी रुग्णालयांसाठी रुग्ण हक्कांची सनद आणली. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद मुंबईत याहून जुनी आहे : १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारत जागतिक औषध-निगराणी कार्यक्रमात सामील झाला, तेव्हा देशातल्या मोजक्या केंद्रांत परळचे केईएम रुग्णालय होते. मात्र बराच काळ ही नोंद डॉक्टरांच्याच हातात राहिली. आता रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही ती स्वतः करू शकतात; त्यासाठीचा अर्ज मराठीत मिळतो आणि १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फोन करूनही माहिती देता येते.