कंत्राटसज्जता

कंत्राटसज्जता : सरकारी खाते, सार्वजनिक उपक्रम, महापालिका किंवा मोठी खासगी कंपनी यांच्या निविदेत उतरणे, मिळालेले काम ठरल्या दरात व मुदतीत पुरे करणे आणि त्याचे बिल हाती पडेपर्यंत तग धरणे, यासाठी लहान उद्योगाने केलेली तयारी. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्पसंख्याक समाज यांच्या मालकीच्या सूक्ष्म व लघू उद्योगांच्या संदर्भात ही संज्ञा विशेष वापरतात. काही लेखक ती कागदपत्रांच्या पूर्ततेपुरतीच मर्यादित ठेवतात. येथे व्यापक अर्थ स्वीकारला आहे, कारण कागद चोख असलेला उद्योगही बिल थकले की बसतो.

संज्ञा : ‘कंत्राट’ हा शब्द इंग्रजीवरून आला की पोर्तुगीजवरून, याबद्दल मतभेद आहेत. कंपनी सरकारच्या बांधकामांतून तो रूढ झाला, असे एक मत आहे. दुसरे मत तो पोर्तुगीज ‘कोंत्रातु’वरून आल्याचे मानते. इंग्रजी शब्दातला ‘क्ट’ हा जोडध्वनी मराठीत सहसा टिकतो. ‘कंत्राट’मध्ये तो नाही. शिवाय ‘पगार’ आणि ‘लिलाव’ हे व्यवहारातले दोन शब्द पोर्तुगीजवरून आले आहेत. साष्टी व वसईचा मुलूख 1737–39 च्या मराठ्यांच्या मोहिमेपर्यंत सुमारे दोन शतके पोर्तुगीज अमलाखाली होता. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे इंग्रजी अमलात शब्दाचा प्रसार वाढला असावा. त्याआधीचे ‘मक्ता’ व ‘ठेका’ हे शब्दही टिकून आहेत. ‘मक्तेदारी’ला मात्र आज वेगळाच, एकट्याच्या कब्जाचा अर्थ चिकटला आहे.

उगम : या कल्पनेचा उगम बहुधा अमेरिकेत दाखवला जातो. तेथे 1969 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले, आणि 1988 च्या कायद्याने स्त्रियांच्या उद्योगांकडे लक्ष वळले. ‘सज्जता’, ‘क्षमताबांधणी’ ही प्रशिक्षणाची परिभाषा तिकडून आली, हे मान्य करावे लागते. भारतातील प्रत्यक्ष रचना मात्र जुन्या भांडारखरेदी पद्धतीतून वाढली आहे. राष्ट्रीय लघुउद्योग निगम 1955 मध्ये स्थापन झाला, आणि लहान कारखान्यांना सरकारी खरेदीत वाटा मिळवून देणे हे त्याचे आरंभीचे एक काम होते. निगमाची शिफारस फोर्ड फाउंडेशनने पाठवलेल्या तज्ज्ञ मंडळाची होती. त्यामुळे देशी प्रवाह आणि परदेशी प्रवाह अशी सरळ विभागणी करणे कठीण आहे.

पुरवठ्यातील वाट्याचा प्रश्न जातीशी जोडला गेला तो दलित विचारवंतांच्या परिषदेने काढलेल्या 2002 च्या भोपाळ जाहीरनाम्याच्या सुमारास. 2005 मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, ही संघटना स्थापली. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 खाली काढलेला सार्वजनिक खरेदी धोरण आदेश 1 एप्रिल 2012 पासून अमलात आला. त्यात केंद्रीय मंत्रालये व उपक्रमांनी वार्षिक खरेदीच्या 20 टक्के खरेदी सूक्ष्म व लघू उद्योगांकडून करावी, आणि या 20 टक्क्यांपैकी 4 टक्के (एकूण खरेदीच्या) अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून व्हावी, असे ठरले. 2018 च्या दुरुस्तीने एकूण प्रमाण 25 टक्के झाले व त्यात स्त्रियांच्या उद्योगांसाठी 3 टक्के राखले गेले. या वर्गांतील उद्योजकांना साहाय्य करणाऱ्या राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हबचा आरंभ ऑक्टोबर 2016 चा. त्याचे काम लघुउद्योग निगमच पाहतो.

‘अल्पसंख्याक’ या शब्दाचे भाषांतर येथे फसते. अमेरिकी वापरात तो वांशिक गटांना लागतो. भारतात राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग अधिनियम, 1992 खाली अधिसूचित धार्मिक समाजांना. खरेदी धोरणात धार्मिक अल्पसंख्याकांसाठी वेगळा उपहिस्सा नाही. भिवंडीतील यंत्रमागधारकांत मुस्लिम विणकर मोठ्या संख्येने आहेत, ठाण्यालगतच्या मुंब्रा-कौशात घरगुती शिवणकाम चालते. या उद्योगांना 25 टक्क्यांच्या सर्वसाधारण वाट्यातूनच यावे लागते. त्यांच्यासाठी असलेल्या वित्त महामंडळांचा भर कर्जावर आहे, बाजारप्रवेशावर नाही. प्रस्तुत लेखकाला ही धोरणातील मोठी उणीव वाटते. भिवंडीचा छोटा मागधारक बहुधा व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने विणतो. कापड त्याच्या मागावर तयार होते, पण विक्रीचे बिल त्याच्या नावावर नसते. मग अनुभवाचा दाखला त्याने आणायचा कुठून?

स्वरूप : उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची केंद्राकडील नोंदणी, 1 जुलै 2020 पासून), पॅन, जीएसटी, डिजिटल स्वाक्षरी, जेम (केंद्राची ऑनलाइन सरकारी बाजारपेठ) पोर्टलवरील खाते, राज्य शासनाच्या कामांसाठी महाटेंडर्सवरील नोंदणी ही सुरुवातीची पायरी. मालकीची कसोटी साधी आहे : एकल मालकी असेल तर मालक त्या वर्गातला हवा, भागीदारी किंवा खासगी कंपनी असेल तर किमान 51 टक्के वाटा त्या वर्गाचा हवा. कसोटी कागदावर पुरी करणे अवघड नसते, हीच तिची कमजोरी. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन पेनड्राइव्हएवढा असतो. तो कोणाच्या खिशात आहे, त्याचा पासवर्ड कोणाला पाठ आहे, एवढे विचारले तरी मालकीण खरी की नावापुरती हे पुष्कळदा उमगते. चांगले प्रशिक्षक पहिल्याच दिवशी टोकन बाईंच्या हातात देतात, आणि शुद्धिपत्रक उघडण्यापासून निविदा गोठवण्यापर्यंतची (म्हणजे अंतिम करून सादर करण्यापर्यंतची) प्रत्येक कळ त्यांनाच दाबायला लावतात.

धोरणाखाली निविदा संच मोफत मिळतो आणि निविदेसोबत भरायची बयाणा रक्कम माफ असते. काम मिळाल्यावरची सुरक्षा अनामत मात्र या सवलतीत येत नाही. निव्वळ व्यापारी यातून वगळले आहेत. बांधकामाची कामेही साधारणतः धोरणाबाहेर धरली जातात. 358 वस्तू सूक्ष्म व लघू उद्योगांसाठीच राखीव आहेत. सर्वांत कमी दरापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत जास्त दर भरलेल्या लघुउद्योगाला, त्याने तो कमी दर मान्य केल्यास, किमान 25 टक्के पुरवठा द्यावा लागतो. ही सवलत नीट समजून घ्यायला हवी. कमी दर 100 रुपये, आपला 112 आणि आपला खरा खर्च 104 असेल, तर ‘मिळालेल्या’ प्रत्येक नगामागे 4 रुपये घरातून जातात.

म्हणूनच दराची मांडणी हा सज्जतेचा गाभा मानला पाहिजे. समजा, एका बचत गटाने सफाई कामगारांच्या 1,200 गणवेशांचा दर काढला. कापड नगाला 200 रुपये, म्हणजे 2,40,000 रुपयांचे. दोरा, बटणे, काज, इस्त्री, बांधणी, टेम्पो हे सारे वहीत उतरते. सुटतात त्या दोन ओळी. कापड उधारीवर दरमहा दीड टक्क्याने उचलले आणि बिल चार महिन्यांनी निघाले, तर व्याज 14,400 रुपये होते. प्रत्येक गणवेशामागे 12 रुपये. दुसरी ओळ गटातल्या बायकांच्या स्वतःच्या मजुरीची. ‘घरचंच तर काम आहे’ म्हणून ती धरलीच जात नाही, दर कमी दिसतो, काम मिळते आणि बायका फुकट राबतात. घरी शिवले म्हणून मजुरी शून्य होत नाही. ती दरात धरणे ही या विषयातली पहिली शिकवण असायला हवी.

ठाणे व नवी मुंबई : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा आरंभ 1962 मध्ये ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधूनच झाला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रबाळे, महापे, पावणे, तुर्भे येथील कारखाने व कार्यालये उपाहारगृह, साफसफाई, वेष्टन, गणवेश अशी कामे बाहेर देतात. येथे निविदेपेक्षा विक्रेता नोंदणी आणि ओळख जास्त चालते. केंद्रीय धोरणाच्या कक्षेत येणारे खरेदीदार जवळच आहेत : मध्य रेल्वे, अंबरनाथची आयुध निर्माणी, खाडीपलीकडे उरणमधील बंदर व तेल प्रकल्प. ठाणे महापालिका (1982), नवी मुंबई महापालिका (1992) व नवी मुंबई वसवणारे राज्याचे महामंडळ सिडको (1970) यांना मात्र हे धोरण बांधील नाही. तेथे राज्याचे खरेदी नियम लागतात. ठाण्यातल्या उद्योजिकेने रेल्वेच्या निविदेत माफ झालेला बयाणा महापालिकेच्या निविदेतही माफ असेल असे धरून चालू नये. प्रत्येक निविदेच्या अटी मुळातून वाचाव्यात.

राज्यात लहान कामांतील वाट्याची परंपरा मजूर सहकारी संस्था व सुशिक्षित बेरोजगार अभियंते यांच्याद्वारे आली. महिला उद्योजकांसाठीचे राज्याचे धोरण 2017 चे आहे. जिल्हा पातळीवर जिल्हा उद्योग केंद्र आणि महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम, स्थापना 1975) ही संपर्काची ठिकाणे.

पात्रतेच्या अटी : सज्जता एकतर्फी नसते, हे पोषण आहाराच्या प्रकरणातून दिसते. अंगणवाड्यांच्या आहारपुरवठ्यात कंत्राटदार नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये बजावले होते. तरीही महाराष्ट्रातील सुमारे 6,300 कोटी रुपयांच्या आहारपुरवठ्याच्या 2016 मधील निविदेत अशा अटी आल्या, की सामान्य बचत गटांना त्यात उतरणे शक्यच नव्हते. न्यायालयाने फेब्रुवारी 2019 मध्ये ती प्रक्रिया रद्द ठरवली. उलाढालीची रक्कम किंवा एकेका कामाचा आकार वाढवला, की कितीही शिकलेला गट दाराबाहेरच राहतो. कामाचे लहान भाग पाडणे आणि पूर्वानुभवाची अट सैल करणे हे खरेदीदाराच्या हातात आहे, आणि प्रशिक्षणवर्गांइतकेच ते मोलाचे आहे.

बिलवसुली : 2006 च्या अधिनियमानुसार लेखी करार असला तरी देयकाची मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही; करार नसेल तर ती 15 दिवसांची. उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. तक्रार ऑनलाइन पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या राज्याच्या मंडळाकडे, जाते. 2024-25 या करनिर्धारण वर्षापासून मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. मात्र नोंदणी पुरवठ्याआधीची नसेल तर दावा अडचणीत येतो. म्हणून पहिले चलन फाडण्यापूर्वी उद्यम क्रमांक घ्यावा आणि तो प्रत्येक बिलावर छापावा.