घरचा चारा फुकट नसतो

‘चारा घरचाच आहे, मग दुधाचा पैसा म्हणजे निव्वळ नफा,’ हे वाक्य गोठ्यागोठ्यांत ऐकू येतं. हिशेब फसतो तो इथेच. चारा विकत आणला नाही म्हणून त्याची किंमत शून्य होत नाही. तो विकला असता किंवा त्या तुकड्यात दुसरं पीक घेतलं असतं, तर जे हाती आलं असतं तीच त्याची किंमत.

४०० किलोच्या दुभत्या गाईला रोज वजनाच्या साधारण ३ टक्के, म्हणजे पाणी वगळून १२ किलो कोरडं खाद्य लागतं. हिरव्या चाऱ्यात जवळपास ८० टक्के पाणीच. नुसत्या हिरव्यावर भागवायचं तर रोज ६० किलो कापून आणा! शिवाय गाय आटवल्यावरचे, म्हणजे विण्याआधी दूध काढणं थांबवल्यावरचे, दोन महिनेही ती खातेच. वहीतून हे दोन महिने हमखास गायब असतात.

शेणखताचं उलटं. ते कुणी जमेलाच धरत नाही. टनभर चांगल्या खतात सुमारे ५ किलो नत्र असतं, जमिनीचा पोत सुधारतो तो वेगळाच. तेव्हा गोठ्याने शेताला चाऱ्याचे पैसे द्यावेत आणि शेताने गोठ्याला खताचे, निदान वहीत तरी. अशी दोन खाती मांडली की कधी दूध तोट्यात निघतं, कधी पीक.