प्रकाशोपचार, मुखव्रणांवरील

किमोथेरपी किंवा किरणोपचार चालू असताना कर्करोगाच्या रुग्णाचे तोंड येऊ नये, आले तर दुखणे कमी व्हावे, म्हणून तोंडाच्या आतील अस्तरावर कमी शक्तीचा लाल किंवा अवरक्त प्रकाश देण्याची पद्धत. वैद्यकीय नाव फोटोबायोमॉड्युलेशन. ‘लो लेव्हल लेसर’ हे जुने नावही चालते.

नावामुळे रुग्णांचा गोंधळ होतो, तो आधी दूर करायला हवा. आपल्याकडे किरणोपचारालाच ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. ‘आज माझा बारावा लाईट’ म्हणणाऱ्याला तोंडासाठी आणखी एक लाईट घ्या असे सांगितले, तर तो धास्तावणारच. पण हा प्रकाश क्ष-किरणांसारखा नाही. तो भाजत नाही, पेशी मारत नाही. बहुतेकांना ऊबसुद्धा जाणवत नाही.

तोंडाचे अस्तर साधारण एक-दोन आठवड्यांत नवे होते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालणारे उपचार म्हणूनच तिथे आधी बोचतात. डोके-मानेच्या कर्करोगात ६ ते ७ आठवड्यांत ६० ते ७० ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा दिली जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गाल आतून लाल होतात, मग पांढरट पापुद्र्याचे व्रण उठतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत तिसरी पायरी म्हणजे फक्त पातळ पदार्थ जाणे, चौथी म्हणजे तोंडाने काहीच न जाणे. पेजेचा चमचा ओठाला लागताच डोळ्यांत पाणी येते, वजन उतरते, नाकातून नळी घालावी लागते आणि कधी मूळ उपचारच थांबतो. या आजारपणात ‘नुसते तोंड आलेय’ म्हणून कुणी दुर्लक्ष करू नये.

बुडापेस्टचे एंद्रे मेस्टर यांना १९६७ च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगात दिसले, की मंद लेसर दिलेल्या जागी कापलेले केस लवकर उगवतात. पुढे त्यांनी तो जखमांवर वापरला. हा प्रकाश पेशीतील मायटोकॉन्ड्रियामधले (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातले) सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर शोषते, त्यामुळे पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते आणि दाह ओसरतो, असे मानतात. भारतात मणिपालच्या संशोधकांनी ६३२.८ नॅनोमीटरचा हेलियम-निऑन लेसर वापरून केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहायक कर्करोगसेवेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० च्या मार्गदर्शिकेत डोके-मानेचे किरणोपचार घेणाऱ्या आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण होणाऱ्या प्रौढांसाठी ही पद्धत प्रतिबंधक म्हणून सुचवली आहे. खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत हे दोन्ही मूळ उपचार होतात, त्यामुळे नवी मुंबईत हा विषय घराजवळचा आहे.

प्रत्यक्ष कृती साधी असते. रुग्ण आणि उपचार देणारा दोघेही रंगीत चष्मा लावतात. पेनासारखी दांडी ओठांच्या आत, गालांवर, जिभेच्या कडांना, जिभेखाली आणि मऊ टाळूवर एकेका ठिकाणी काही सेकंद धरतात. किरणोपचार असेल तर सहसा आठवड्यातून पाच दिवस, त्याच फेरीत. ठाण्याहून पनवेल लोकलने रोज येणाऱ्याला वेगळी खेप पडू नये, एवढे वेळापत्रकात बघायलाच हवे.

आपल्या भागातली खरी अडचण निराळी. सुपारी आणि गुटख्यामुळे अनेकांचे तोंड जेमतेम दोन बोटे उघडते. दांडी आत फिरत नाही, मागचा गाल राहून जातो. अशा वेळी गालाच्या बाहेरून प्रकाश देणारी साधने वापरता येतात. गाठ असलेल्या जागेवर थेट प्रकाश देणे टाळतात, त्यामुळे कुठे द्यायचा आणि कुठे नाही हे कर्करोगतज्ज्ञाशी बोलूनच ठरते. सौंदर्योपचाराच्या दुकानातला लेसर यासाठी चालत नाही. तरंगलांबी आणि मात्रा चुकली तर फायदा होत नाही.

हा प्रकाश एकटा पुरत नाही. मऊ ब्रश, मीठ-सोड्याच्या कोमट गुळण्या, तिखट आणि आंबट बंद, गार केलेली पेज किंवा दूधभात हे सोबत लागतेच. मेल्फालान या किमोथेरपीच्या औषधाचा मोठा डोस चालू असताना बर्फ चघळण्याचाही उपयोग होतो. आणि व्रण उठल्यावर धावपळ करण्यापेक्षा पहिल्या लाईटच्या, म्हणजे किरणोपचाराच्या, आधीच, दातांच्या तपासणीच्या वेळी, ‘तोंडासाठीचा लेसर इथे मिळतो का’ हे नातेवाइकांनी विचारावे.