पळता पळता वास घेणारं नाक

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. उंच वाळलेलं गवत, त्यात पांढऱ्यावर तांबूस ठिपक्यांचं एक कुत्रं. शेपूट ताठ, पुढचा एक पाय उचललेला, आणि अंगाचा पार पुतळा झालेला. खाली मजकूर: ‘मुक्या जनावराला अदृश्य शक्ती दिसते, हा घ्या पुरावा!’ संध्याकाळपर्यंत तोच व्हिडिओ निपाणीच्या मावसभावाकडून फिरून माझ्याकडे आला. एव्हाना त्याला अमावस्याही चिकटली होती. येळ्ळूरच्या तात्यांनी तर फोनच केला. “आमचा मोत्याबी असाच थांबतोय की रे मसुरीत. काय दिसत असंल त्याला?”

दिसत काहीच नाही, तात्या. सगळी गंमत तिथेच आहे.

व्हिडिओत शेवटी घोड्यावर बसलेली माणसं दिसतात, ती कोणी नीट बघितली नाहीत. कुत्रं पॉइंटर जातीचं, म्हणजे दडलेल्या पक्ष्याचा वास लागला की जागीच थिजणारं, आणि स्पर्धेत उतरलेलं आहे. पक्षी शोधणाऱ्या कुत्र्यांच्या या मैदानी स्पर्धा इंग्लंडमध्ये १८६५ साली बेडफर्डशायरमधल्या साउथहिलला सुरू झाल्या आणि १८७४ मध्ये अमेरिकेत मेम्फिसला पोहोचल्या. टेनेसीतल्या ग्रँड जंक्शनला होणाऱ्या राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी कुत्र्यांची एकेक जोडी तब्बल ३ तास रान धुंडाळते आणि परीक्षक घोड्यावरून मागे असतात. आपल्या बैलगाडी शर्यतीसारखा पहिला नंबर इथे पळण्याला मिळत नाही. कुत्रं वारा कसा धरतं, दडलेल्या लाव्ह्यापाशी किती ठाम थांबतं, पक्षी उडाला आणि मागून खोटा बार काढला तरी जागचं हलतं का, हे बघतात. जोडीदार थांबलेला दिसला की दुसऱ्यानेही आहे तिथेच थांबायचं, त्याच्या पक्ष्यावर हक्क सांगायला जायचं नाही. पक्षी मारत नाहीत. झडप घालण्याआधी मांजरही क्षणभर दबा धरतं ना, तोच क्षण माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडक पैदास करून मिनिटांपर्यंत ताणला आहे. ‘अदृश्य शक्ती’ ती एवढीच.

आपल्या भागात कुत्रं म्हटलं की मुधोळ आठवतं. गोकाकच्या पुढे, बागलकोट जिल्ह्यातलं. आपण त्याला कारवानी म्हणतो आणि २००५ साली त्याच्यावर टपाल तिकीटही निघालं. पण ते डोळ्याचं कुत्रं, नाकाचं नव्हे. ससा दिसला की बाणासारखं सुटणं हे त्याचं काम. पिल्लं विकणारे सांगतात तसं एकाच जातीत सगळं मिळत नसतं.

आता माझ्या आवडीचा भाग. उभ्या कुत्र्याचं नाक जवळून बघा. नाकपुडीच्या बाजूला स्वल्पविरामासारखी एक चीर असते. हुंगताना ते सेकंदाला साधारण ५ वेळा हवा आत-बाहेर करतं. आत येणारी हवा समोरून येते, बाहेर जाणारी त्या चिरेतून बाजूला आणि मागे फेकली जाते, त्यामुळे समोरचा ताजा वास उष्ट्या हवेत कालवला जात नाही. आत गेल्यावर हवेच्या दोन वाटा होतात. बरीचशी फुप्फुसाकडे जाते. सुमारे १२ टक्के वरच्या अंगाने मागच्या एका कप्प्यात शिरते. तिथे हाडाच्या पातळ वळकट्यांवर वास ओळखणाऱ्या पेशींचं अस्तर असतं. श्वास सोडताना हवा या कप्प्याला वळसा घालून निघून जाते, म्हणून आत आलेला वास तिथेच रेंगाळतो. आपल्या नाकात असा आडबाजूचा कप्पाच नाही.

पण हे उभ्या कुत्र्याचं. पळणाऱ्या कुत्र्याला धाप लागलेली असते. प्रत्येक उच्छ्वासाला नाकातून हवा उलटी निघाली तर जवळपास निम्मा वेळ नाक बंदच, आणि तेवढ्यात ते वासाची बारीकशी शेव ओलांडून पुढे गेलेलं असणार. मग पळता पळता वास लागतो कसा? १९९६ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी पक्षी शोधत धावणाऱ्या कुत्र्यांच्या नाकातला प्रवाह मोजला, तेव्हा अफलातून गोष्ट निघाली. डोकं वर धरून धावताना कुत्रं तोंडाने श्वास सोडत असतं तेव्हाही नाकातून हवा आतच येत असते! ३० हून अधिक श्वास, ४० सेकंदांपर्यंत, एकसलग.

जुना फ्लिटचा पंप आठवा. दांडा ढकलला की हवेचा झोत नळीच्या तोंडावरून जातो आणि खालचं औषध आपोआप वर ओढलं जातं. इथे झोत म्हणजे घशातून तोंडाकडे जाणारा उच्छ्वास आणि नळी म्हणजे नाक. बर्नोलीच्या नियमानुसार दाबातली घट हवेच्या घनतेच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून येते. समजा, झोताचा वेग सेकंदाला १० मीटर धरला, तर ०.५ × १.२ × १०० म्हणजे ६० पास्कल, पाण्याच्या जेमतेम ६ मिलिमीटर उंचीइतका दाब. वेग दुप्पट केला तर घट चौपट. (काटेकोर भौतिकवाले म्हणतील की मोकळ्या झोतात दाब आजूबाजूइतकाच असतो, झोत शेजारची हवा नुसती ओढून नेतो. त्यांचं खरं आहे, पण घसा मोकळा नाही, अरुंद आहे. हा वाद इथेच सोडतो, नाहीतर तात्या फोन ठेवतील.) पंप म्हणून ६० पास्कल क्षुल्लक. नाकाला तेवढे पुरतात.

नाकाला सतत हवा का हवी, हे उदबत्तीकडे बघून कळतं. धूर चार बोटं सरळ जातो, मग फाटून तुकडे होतात, मध्ये मोकळी हवा. माळावरचा वास असाच तुटक वाहतो. तो जवळ वाढत आणि लांब कमी होत जाईल असा सरळ उतार नसतो, त्यामुळे ‘जिकडे जास्त, तिकडे चल’ हा हिशोब चालत नाही. चालतं ते एवढंच: वास लागला की वाऱ्याच्या तोंडाला जा, तुटला की आडवं फिर. कुळव बांधापाशी वळवतात तसं चांगलं कुत्रं वाऱ्याला आडवे तास घेत पुढे सरकतं. पहाटे जमीन गार असते, हवा स्थिर, वास जमिनीलगत राहतो. अकराच्या उन्हात राजहंसगडाच्या उतारावरून गरम हवा वर चढायला लागली की त्याच्या चिंध्या होतात.

‘कुत्र्याचं नाक लाखपट तीक्ष्ण’ हे वाक्य मात्र मला खटकतं. कुठल्या वासासाठी लाखपट? वास ओळखणाऱ्या ग्राहींचे चालू जनुक आपल्यात सुमारे ४००, कुत्र्यात सुमारे ८००. काही वासांच्या बाबतीत माणूसही मागे नाही. मोठा फरक नाकाच्या रचनेत आणि हवा खेळवण्यात आहे.

पक्षीही गप्प बसलेले नाहीत. पिसांना लावायचं मेण शेपटीच्या मुळाशी तयार होतं. काही किनारपक्षी अंडी उबवायच्या काळात त्याची रासायनिक जातच बदलतात, आणि नवं मेण हवेत कमी उडतं. २००५ च्या एका प्रयोगात शिकवलेल्या कुत्र्यालाही ते हुंगून काढणं जड गेलं.

हे सगळं सांगून रविवारी पहाटे येळ्ळूरला गेलो. मोत्या वाऱ्याच्या तोंडाला असताना मसुरीत दोनदा झकास थांबला. तात्या खूश. परतताना वारा पाठीला होता. मोत्या आपल्याच तंद्रीत चालला होता, आणि त्याच्या पुढच्या पायाखालून भुर्रकन लावा उडाला. कुत्रं असं दचकलं की थेट तात्यांच्या धोतरात.