शेतकऱ्याच्या पाठीशी झाडाचा बुंधा

जर्मनीतल्या माइसेनच्या कारखान्यात अठराव्या शतकात घडवलेल्या चिनी मातीच्या बाहुल्या नीट बघा. माळीण असो, द्राक्षं खुडणारा असो, नाहीतर खाणकामगार, बऱ्याच जणांच्या पायामागे झाडाचा तोडका बुंधा किंवा दगड असतो. रानाचा देखावा म्हणून तो शोभतो खरा, पण त्याचं मुख्य काम भट्टीतलं.

सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याने १७१० मध्ये हा कारखाना काढला. सोनं बनवून दाखवतो म्हणणारा ब्योटगर त्याच्या कैदेत होता. सोनं काही जमलं नाही, पण चिर्नहाउस या शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली चीनसारखी पांढरी, कडक माती भाजणं जमलं. केओलिन ही पांढरी माती आणि तिच्यासोबत वितळणारी फेल्डस्पारसारखी खनिजं, हा या चिनी मातीचा गाभा. सुमारे १४०० अंश सेल्सिअसला ही खनिजं वितळून काचेसारखी होतात आणि कणांमधल्या फटी भरतात. त्याच काचेत म्युलाइट या खनिजाचे सुईसारखे स्फटिक वाढतात. भांड्याला ताकद येते ती यातूनच.

अडचणही इथेच आहे. त्या तापमानाला बाहुली मऊ पडते, शिवाय सुमारे एक षष्ठांश आकसते. दोन बारीक पोटऱ्यांवर उभा केलेला, पाठीवर करंडी घेतलेला माणूस सरळ कलंडणार. म्हणून बुंधा!

१७३१ पासून माइसेनमध्ये असलेल्या केंडलर या शिल्पकाराने या मर्यादेतही माणसं वाकवली, वळवली. धड, डोकं, हात प्लॅस्टरच्या वेगवेगळ्या साच्यांत दाबून काढायचे आणि पातळ मातीने चिकटवायचे. आतली हवा आणि वाफ कोंडून बाहुली तडकू नये म्हणून एखादं भोकही ठेवायचं. तोवर मेजवानीच्या टेबलावर साखरेच्या बाहुल्या मांडत, त्यांची जागा या कष्टकऱ्यांनी घेतली. दरबारी पाहुण्यांसमोरचे हे शेतकरी फारच नीटनेटके. अंगरख्यावर चिखलाचा ठिपका नाही.

रंगांचं गणित निराळं. १४०० अंशांना टिकणारे रंग मोजकेच, कोबाल्टचा निळा त्यातला एक. बाकीचे झिलईवर लावून सुमारे ८०० अंशांना पुन्हा भाजावे लागत. तांब्याने हिरवा मिळे, लोखंडाने लाल. शेतकरणीच्या घागऱ्यावरचा गुलाबी मात्र सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा असे.