मुद्राचित्राचे ‘ओरिजिनल’ कुठे असते?

प्रदर्शनात भिंतीवर वुडकट, म्हणजे लाकडी ठशावरून छापलेले चित्र, लावलेला असतो आणि त्याच्यापुढे उभे असलेले कोणी तरी हमखास विचारते, ‘‘प्रिंट छान आहे, पण याचे ओरिजिनल कुठे आहे?’’ या प्रश्नाला मी आता खरोखर कंटाळलो आहे. कारण चूक विचारणाऱ्याची नसून, आधीच्या चित्राची छापील प्रतिकृती आणि ठशावरच घडवलेले मुद्राचित्र या दोन वेगळ्या वस्तूंना ‘प्रिंट’ हे एकच नाव देणाऱ्या आपल्या सवयीची आहे.

यांपैकी प्रतिकृती सर्वांच्या परिचयाची आहे. मळवलीच्या छापखान्यातून घरोघरी गेलेली रविवर्म्याची लक्ष्मी आठवली की पुरे : चित्र आधी रंगवलेले होते, छपाई मागाहून आली.

मुद्राचित्रात असे ‘आधी’ काही नसते, आणि घोटाळा होतो तो नेमका इथे. कच्चे रेखाटन असेलही, पण चित्र ठशावर घडते आणि कागदावर उमटते तेव्हाच पुरे होते. १९३७ साली अलीगढमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अनेक वर्षे न्यूयॉर्कमध्ये राहिलेल्या मुद्राचित्रकार झरीना हाश्मी यांचे काम पाहिले की हे पटते. त्यांच्या २००१ सालच्या ‘डिव्हायडिंग लाइन’ या वुडकटमध्ये भारत-पाकिस्तान सीमेची एकच काळी, वेडीवाकडी रेषा आहे. वुडकटमध्ये जे कोरून काढले जाते ते कोरे राहते आणि जे शिल्लक ठेवले जाते त्यालाच शाई लागते. म्हणजे ती रेषा कोरलेली नाही, तिच्या दोन्ही बाजूंची जमीन खरवडून काढल्यावर ती उरली आहे. शाईने हीच रेषा दोन मिनिटांत ओढता आली असती, पण मग ते हे चित्र झाले नसते. ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ (१९९९) या त्यांच्या ३६ वुडकटांच्या संचात घर, उंबरठा, चंद्र, पाऊस अशा एकेका उर्दू शब्दासोबत आठवणीतली जागा किंवा निसर्गातली एखादी खूण मोजक्या रेषांत उतरली आहे. ‘खरा’ चंद्र दुसऱ्या कुठल्या कॅनव्हासवर आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. आवृत्तीतली, म्हणजे त्याच ठशावरून छापलेल्या ठरावीक प्रतींतली, प्रत्येक प्रत मूळच असते.

‘७/२५’ हा पेन्सिलीने लिहिलेला आकडा म्हणजे पंचविसांच्या आवृत्तीतील सातवी प्रत, एवढेच. पहिली प्रत अधिक मोलाची हा भाबडा समज आहे. ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर सुईने ओरखडून केलेल्या मुद्राचित्रात, ओरखड्याची नाजूक कड लवकर झिजते आणि सुरुवातीच्या प्रती अधिक चांगल्या येतात हे खरे, पण तिथेही क्रमांक छपाईच्या क्रमानेच घातले जातात असे नाही. माझा राग आहे तो या आकड्याच्या गैरवापरावर : जलरंगातल्या निसर्गचित्राचे स्कॅन इंकजेटवर, म्हणजे शाईचे बारीक ठिपके फवारणाऱ्या यंत्रावर, छापायचे, खाली सही आणि क्रमांक घालायचा आणि ‘लिमिटेड एडिशन’ म्हणून विकायचे. सहीमुळे प्रतिकृतीचे मुद्राचित्र होत नाही. उलट, यंत्र किंवा छायाचित्रण वापरले म्हणून एखादी कृती बादही होत नाही. झरीना यांच्याच ‘लेटर्स फ्रॉम होम’मध्ये (२००४) बहिणीच्या पत्रांतील अक्षरे धातूच्या ठशांवरून छापली आहेत, मात्र पत्र, नकाशा आणि घराचा आराखडा एकत्र येऊन होणारे चित्र त्या छपाईतच जन्मते.

खात्री करायची असेल तर भिंग घ्यावे. लाकडी ठशाच्या काळ्या भागात कधी कधी लाकडाच्या शिरा दिसतात आणि दाब भरपूर असेल तर कागदाच्या मागे बोटाला उठाव लागतो. परवा एका परिचितांनी एका दुकानातून, चांगली रक्कम मोजून आणलेला, घाटातल्या पावसाचा ‘वुडकट’ दाखवला. सही होती, ‘४/५०’ होते, ढगांत लाकडाच्या शिराही होत्या. भिंगाखाली त्या शिरा बारीक रंगीत ठिपक्यांच्या बनलेल्या निघाल्या.